आतून बांधायचा तंबू

माझ्या मुलाने घेतलेली ती गाडी मला पहिल्या दिवसापासून आवडली नाही. नावाला पिकअप, पण पिकअपने जे करावे ते तिच्याने होत नव्हते. पुढे पाच माणसे ऐसपैस बसतील अशी दोन रांगांची केबिन आणि मागे एवढासा हौदा. त्यात धड कडबा मावत नव्हता, धड म्हैस उभी राहत नव्हती. म्हशीचे तोंड आत घातले की तिचा मागचा भाग बाहेर. हौद्याच्या कडा सुजल्यासारख्या गोल होत्या. दोरी बांधायला ना कडी, ना आकडा. गोदावरीकाठच्या एका वाळूच्या ठेकेदाराने ती हौसेने घेतली होती आणि कंटाळा आल्यावर माझ्या मुलाच्या गळ्यात मारली. कंपनीने तसल्या गाड्या काढणे कधीच बंद केले होते. साऱ्या तालुक्यात तशी दुसरी गाडी नाही, असे मुलगा अभिमानाने सांगायचा. मी म्हणायचे, दुसरी नाही, कारण दुसरा मूर्ख भेटला नाही.

दुष्काळाच्या साली त्याच गाडीत राहायची पाळी आली. आमचे गाव उमापूरकडचे. विहिरी खडखडीत, बोअरमधून नुसती हवा. गावच्या सहकारी सोसायटीने गावाबाहेरच्या माळावर चारा छावणी काढली. आमचे दोन बैल, एक गाय आणि एक म्हैस तिथे नेऊन बांधली. छावणीचा नियम असा की जनावरांजवळ घरचे माणूस कायम पाहिजे. माणूस दिसले नाही तर त्या दिवशीचा चारा बंद. आणि दुसरा नियम, माळावर कोपी घालायची नाही. उसाच्या तोडीला गेल्यावर आम्ही लोक बांबू आणि चटयांची जी खोपटी घालतो, ती कोपी. मी तरुणपणी कितीतरी घातल्या. पण माळ ज्याचा होता तो सोसायटीतलाच मोठा माणूस, आणि त्याला भीती, की कोप्या घातल्या तर लोक उठायचे नाहीत. बोलताना मात्र तो म्हणायचा, आगीची भीती हाय. गाडी असेल तर बांधाला लावा आणि तिच्यात राहा, असे ठरले.

आमची गाडी छावणीपर्यंत कशीबशी आली आणि तिथेच बसली. क्लचचा कसलासा भाग गेला होता. तो गेवराईत नव्हता, बीडला नव्हता, कुठेच नव्हता. मुलगा सोसायटीच्या पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर म्हणून लागला. तो उजाडायच्या आत जायचा आणि दिवस मावळल्यावर यायचा. छावणीत राहिलो मी आणि सून. माझे गुडघे गेलेले, चाऱ्याचा भारा उचलणे मला शक्य नव्हते. आणि म्हैस सुनेशिवाय कुणाच्या हाताला पान्हवत नव्हती. मी कासेला हात लावला की लाथ. त्यामुळे सुनेला तिथून हलता येत नव्हते, आणि सुनेच्या अंगावर पिणारी पोर होती, चार-पाच महिन्यांची.

माळावर झाड नाही, झुडूप नाही. चोहीकडे जनावरे आणि जनावरांपेक्षा जास्त पुरुष. काम कुणाला नव्हते, म्हणून सगळे बघत बसायचे. सुनेने पोरीला कुठे पाजायचे, लुगडे कुठे बदलायचे, एवढाच आमच्यापुढे प्रश्न होता. केबिनला चोहीकडून काचा आणि उन्हात ती तव्यासारखी तापायची, म्हणून हौद्यावर तंबू पाहिजे होता. सरळ गोष्ट. पण पुरुष माणसाच्या हातात सरळ गोष्ट दिली की तिचे काय होते ते मी त्या उन्हाळ्यात पाहिले.

आधी आम्ही गेवराईला गेलो. गाड्यांचे सीटकव्हर आणि हूड शिवणारा एक दुकानदार होता. त्याने विचारले, "कोणती गाडी?"

मुलाने नाव सांगितले. दुकानदाराने हातातली सुई खाली ठेवली. "ती अजून चालती का?"

"चालती म्हंजे, उभी हाय," मुलगा म्हणाला.

"तिचं माप माझ्याकडं कावून आसंल? कंपनीनंच तिला टाकून दिलं."

मग त्याने दुसऱ्या गाडीचे हूड दाखवले. लांबीला हातभर जास्त, रुंदीला कमी. ते बसवायचे तर हौद्याच्या कडेला भोके पाडून लोखंडी कमानी कसाव्या लागणार होत्या. भोके म्हटल्यावर मुलाचा चेहरा असा झाला, जणू कुणी त्याच्या पोरीचे नाक टोचण्याऐवजी कापायला निघाले आहे.

"भोकं न्हाई पाडायची," तो म्हणाला. "परळीचा एक शौकीन माणूस हाय. अशाच बंद पडलेल्या मॉडेलच्या गाड्या गोळा करतो. त्याला बिनभोकाची पायजे."

"आन तुझ्या बायकोला काय पायजे?" मी विचारले.

"माय, तू मधी बोलू नको. तुला गाडीतलं कळत न्हाई."

मला गाडीतले कळत नव्हते, हे खरे. मी चौथी शिकले. पण त्या दुकानात कुणालाच बाईतले कळत नव्हते.

मग त्याने मोबाईलवरून तंबू मागवला. शहरातले लोक गाडी घेऊन डोंगरात मजा करायला जातात, त्यांच्यासाठी केलेला. घर असताना बाहेर झोपायला जाणाऱ्यांचे मला नवल वाटले. आला तेव्हा तो नारिंगी रंगाचा होता. आत लवचीक काड्या, बाजूला जाळीच्या खिडक्या, दाराला चेन. भोके पाडायची गरज नाही म्हणून मुलगा खूश. पण गाडीच्या फुगीर कडांवर तो इतका ताणला गेला की चेन अर्ध्यावर यायची आणि अडायची. सून एका हाताने चेन धरायची आणि एका हाताने पोर. आणि कापड म्हणजे कांद्याचे साल. दिवेलागणीला आत बॅटरी लावली की बाहेरून सगळे दिसायचे. सून वाकली की सावली वाकायची. तिने पदर बाजूला केला की सावलीनेही केला.

चाऱ्याच्या वजनकाट्यापाशी पुरुषांची बैठक असायची. त्या बैठकीने आपले तोंड हळूहळू आमच्या गाडीकडे वळवले. एकदा मी पाण्याची घागर घेऊन मागून आले, तर एकजण म्हणत होता, "आज खेळ उशिरा सुरू झाला बे."

दुसरा म्हणाला, "तू तिकीट काढलं का बे?"

मी घागर खाली ठेवली. "तुझी माय बी तुला अशीच पाजत होती," मी म्हणाले. "तिचं तिकीट कुणी काढलं होतं?"

तो उठून बैलाच्या शेपटीशी काहीतरी करू लागला. बाकीचे हसले. ते त्याला हसले, स्वतःला नाही. मला त्या सगळ्यांची शिसारी आली. त्यांत दोन आमच्या भावकीतले होते, सूनमुख बघायला आलेले, तिच्या हातचे जेवलेले.

त्या दिवसापासून सुनेने आत बॅटरी लावणे सोडले. अंधारात पाजू लागली. विंचवाचा माळ तो. मग दिवसा कडब्याच्या गंजीमागे जाऊ लागली, तर तिथेही कुणी ना कुणी बिडी ओढायला यायचेच. बाहेर जायला लागू नये म्हणून ती पाणी प्यायचे टाळू लागली. पाणी नाही तर दूध कुठून येणार? पोर किरकिर करायची. म्हशीचे दूध सोसायटीच्या कॅनमध्ये जात होते आणि सुनेचे आटत होते.

मी मुलाला सांगितले, हे पोत्यात भर आणि परत पाठव. तो म्हणाला, "तिला म्हणावं, जाळीकडं पाठ करून बस." मी तिथून उठले. बोलले असते तर हातात होते ते उलथने फेकून मारले असते.

आमचे हाल सोसायटीच्या चेअरमनच्या कानावर गेले. त्याने गटसचिवाच्या हाती एक फ्लेक्स पाठवला. चेअरमनच्या वाढदिवसाचा होता. सुपाएवढे तोंड, जोडलेले हात, दात सगळे बाहेर. फ्लेक्स जाड होता, आरपार दिसत नव्हते, एवढे खरे. गटसचिवाने तो स्वतः हौद्यावर ताणला, चेअरमनचे तोंड बाहेर ठेवले आणि नायलॉनची दोरी गाडीच्या पोटाखालून घेऊन बाहेरून करकचून बांधली.

"आता वादळ आलं तरी हलायचं न्हाई, काकू," तो म्हणाला.

"आन आतल्या माणसानं बाहेर कसं यायचं?"

त्याने डोके खाजवले. "हाक मारायची. कुणीबी सोडंल की."

फ्लेक्सखाली भट्टी पेटल्यासारखे व्हायचे आणि शाईचा वास डोक्यात जायचा. तरी सून म्हणाली, राहू द्या, दिसत तर नाही. मी बाहेर बसून राहायचे, ती आत गेली की दोरी बांधायची आणि तिने हाक मारली की सोडायची. डालग्याखाली कोंबडी डालल्यासारखी सून डालत होते मी. मला माझीच किळस यायची.

मग चेअरमन छावणी बघायला आला. बरोबर पाच-सहा जण, पांढरे कपडे, हातात मोबाईल. मी म्हशीखालचे शेण काढत होते. गाडीवर स्वतःचे तोंड पाहून चेअरमनला बरे वाटले असावे. गटसचिव पुढे झाला. त्याने हाक मारली नाही, खाकरला नाही. त्यानेच बांधलेली दोरी, त्याला सोडायला कितीसा वेळ लागणार? फ्लेक्स वर उचलला. आत सून पोरीला घेऊन बसली होती. तिने पदर ओढला तो पोरीच्या तोंडावर. पोर रडायला लागली.

"आपल्या लाभार्थी, साहेब," गटसचिव म्हणाला.

मोबाईलवाला म्हणाला, "ताई, जरा इकडं बघा."

चेअरमन म्हणाला, "राहू दे, राहू दे, तसंच येऊ दे. चांगलं दिसतंय."

मी तोवर पोचले होते. माझे दोन्ही हात कोपरापर्यंत शेणाने भरलेले. त्यातला एक मी त्या मोबाईलवर ठेवला आणि चांगला फिरवला.

"आजी, हे काय?" चेअरमन म्हणाला. "आमी तुमच्या सोयीसाठीच आलो."

"सोय झाली," मी म्हणाले. "आता पडदा सोडा. तुमच्या घरात बी असंच शिरतेत का लोक?"

ते गेले. दोन बांध ओलांडेपर्यंत मोबाईलवाला झब्ब्याला मोबाईल पुसत होता.

सून रडली नाही. संध्याकाळी ती भाकरी थापत होती, तव्यावरची भाकरी उलटली आणि तोंड न वळवता म्हणाली, "आत्याबाई, कसला बी तंबू आणा. फाटका आणा. पण आतून बांधता आला पायजे. न्हाईतर मला उद्या माहेरी धाडा, म्हशीचं तुमी बघा."

एवढे दिवस आम्ही लांबी बघितली, रुंदी बघितली, रंग बघितला, भोक पडते की नाही ते बघितले. गाठ कोणत्या बाजूला येणार, हे कुणी बघितलेच नाही. हूड शिवणाऱ्याने नाही, माझ्या मुलाने नाही, मीही नाही. हौद्यावरचे प्रत्येक कापड बाहेरून बांधायचे असते, कारण आत माल असतो. ज्वारीचे पोते आतून दोरी बांधत नाही.

मुलगा आल्यावर मी सांगितले, कमानी बसवायच्या, कडेला आतून भोके पाडायची, त्यात कड्या घालायच्या. तो जेवता जेवता थांबला.

"माय, भोकं पाडली की गाडी मेली."

"आत्ता जित्ती हाय का ती?"

"परळीचा माणूस येणार हाय बघायला."

"आज बी बघायलाच आलते माणसं," मी म्हणाले. त्याला चेअरमनचे कळले होते. तो ताटात बघत राहिला. पण हो म्हणाला नाही. चेअरमनचा फ्लेक्स उतरवून सोसायटीचा टँकर कसा चालवणार होता तो?

दुसऱ्या दिवशी तो टँकर घेऊन गेला आणि मी वेल्डिंगवाल्याला बोलावले. तो छावणीतल्या पाण्याच्या टाकीचा फुटलेला पाय जोडायला आला होता. त्याला मी भोकांच्या जागा बोटाने दाखवल्या.

"मालकाला इचारलं का?" तो म्हणाला.

"मालकाची माय हाय मी."

मशीन सुरू झाली. गाडीचा रंग भुशासारखा खाली पडत होता. ते बघून मला एवढे बरे वाटले, की त्या साली दुसऱ्या कशाने वाटले नसेल. त्याने सळया वाकवून कमानी केल्या. एका ट्रॅक्टरवाल्याने टाकून दिलेली जाड ताडपत्री मी ओढून आणली. आतून तिला माझी दोन जुनी लुगडी टाचली. तोडीला असताना आम्ही कोपीला दुपारी ओले लुगडे लावायचो, आत थंड राहते. ताडपत्री खालून वीतभर उचलून ठेवली, वाऱ्यासाठी. दोऱ्या सगळ्या आत. चेअरमनचा फ्लेक्स मी म्हशीखाली अंथरला. तो तिथे चांगला उपयोगी पडला, मूत मुरत नव्हते.

मुलगा आला तेव्हा तिन्हीसांज होती. तो गाडीभोवती फिरला. वाकून एका भोकात बोट घातले, मग दुसऱ्यात. रिकाम्या पिंपावर बसून राहिला. सून धार काढून आली, चरवी माझ्याजवळ ठेवली, पोरीला उचलले आणि हौद्यात चढली. पडदा खाली आला. आतून गाठी मारल्याचा आवाज ऐकू येत होता, एकामागून एक. बॅटरी लागली, पण बाहेर काही दिसले नाही.

थोड्या वेळाने मुलगा म्हणाला, "अगं, माझी चादर आत हाय. उघड."

"पोरीचं झालं की उघडते," ती आतून म्हणाली.

तो बसून राहिला. मीही बसले. चांगलाच वेळ लागला. तिने घाई केली नाही.

परळीचा माणूस काही दिवसांनी आला. डोळ्याला काळा चष्मा, तोंडात मावा. गाडीला चक्कर मारली आणि ताडपत्री उचलायला हात पुढे केला. मुलगा मध्ये आला.

"थांबा साहेब," तो म्हणाला. "आत बाई हाय. आदी हाक मारा."

त्या माणसाने हाक मारली नाही. कमानीखालची भोके त्याला बाहेर उभ्यानेच दिसली होती. तो बाजूला थुंकला आणि निघून गेला. मुलगा पुढे पंधरवडाभर माझ्याशी धड बोलला नाही.

त्याने त्या माणसाला अडवले म्हणून मी त्याचे कौतुक केले नाही. एवढे तर त्याला गाडी घ्यायच्या आधीच यायला हवे होते.