सतरंजीखालची फरशी

आमच्या अकोल्याच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत एक शिपाईकाका आहेत. त्यांना उघडी वस्तू बघवत नाही. संगणकावर चादर, खुर्चीवर टॉवेल, माठावर ताट आणि ताटावरही रुमाल.

थंड देशांत जमिनीखालच्या नळ्यांतून गरम पाणी फिरवून खोली उबदार ठेवतात. माझा प्रकल्प त्यावरच होता. अर्ध्या नळ्यांवर मी शहाबादी फरशी बसवली होती, अर्ध्यांवर लाकडी फळ्या. दगडातून ऊब लवकर वर येते, लाकडातून उशिरा, एवढंच दाखवायचं होतं.

"काहून बे, अकोल्यात जमीन तापवून राहिला? उन्हाळा कमी पडते का तुले?" काका रोज विचारत.

घरातून कॉलेजात पोचलेला मी पहिलाच. नापास झालो तर घरी काय सांगायचं, याची धास्ती होती.

परीक्षेच्या दिवशी परीक्षक बूट काढून प्रकल्पावर उभे राहिले. "दोन्हीकडे सारखंच थंड लागतंय," ते म्हणाले. पाहतो तर वर काकांनी घरची जाड सतरंजी अंथरलेली. पाहुण्याला उघड्या जमिनीवर कसं उभं करायचं? काका दाराशी अभिमानाने उभे होते. मला ती ओढून काढवेना.

"सर, हे तिसरं आवरण," मी चाचरत म्हणालो. "जाड कापूस उष्णता खालीच अडवतो."

परीक्षक काकांकडे पाहून हसले आणि त्यांनी मला पास केलं.

नंतर सतरंजीची घडी करताना काकांच्या हाताला फरशीचा चटका बसला.

"अरे बापा! मी आंथरली म्हणून बरं. नाई तं साहेबाचे पाय पोयले असते, अन् तू नापास झाला असता!"