इंजिनिअरिंगचा न भरलेला फॉर्म

अंबडला माझं औषधाचं दुकान आहे. मी फार्मसी शिकलेलो नाही, म्हणून भिंतीवर कायम दुसऱ्याच कुणाचं तरी प्रमाणपत्र टांगलेलं असायचं. मुलगी बारावी झाली तेव्हा मला तिथं तिचं नाव दिसायला लागलं.

तिला मात्र बायोमेडिकल इंजिनिअर व्हायचं होतं. दुकानातलं बंद पडलेलं वाफेचं मशीन तिनं स्वतः उघडून दुरुस्त केलं होतं. प्रवेशाचे दोन्ही फॉर्म तिनं विश्वासानं माझ्यावर सोपवले. फार्मसीचा मी भरला. इंजिनिअरिंगचा मुदत संपेपर्यंत भरलाच नाही.

"पप्पा, भरला ना?"

"सर्व्हर बंद पडल्तं बेटा. नेट कॅफेत लई वेळ बसल्तो."

"जाऊ द्या, तुम्ही तरी काय करणार," म्हणत तिनं मला पाणी आणून दिलं.

आता भिंतीवर तिचं प्रमाणपत्र आहे. कुणाच्या लेकराला दम लागला की ती तेच मशीन लावते. त्याची घरघर ऐकली की मी काहीतरी निमित्त काढून बाहेर पडतो.

परवा ती हसत म्हणाली, "पप्पा, त्या दिवशी मला न्यायचं होतं. ते सर्व्हर बी मी नीट केलं असतं."

मी हसलो. खरं अजूनही सांगितलेलं नाही.