अण्णा पुढच्या गेटनं गेले

"मॅडम, सभापतींची गाडी मागच्या गेटला लावलीय. अण्णांना आत्ताच काढू या," माझे हवालदार म्हणाले.

विश्रामगृहाचं पुढचं गेट लोक धरून हलवत होते. पलीकडे सोलापूर-हैदराबाद हायवेवर ट्रक अडकून पडले होते. घोषणा एकच, 'राजीनामा द्या!' एक दगड येऊन खिडकीची काच फुटली. मी तेव्हा उमरग्याकडच्या एका ठाण्याची इन्चार्ज होते.

आत खुर्चीत बसलेले अण्णा म्हणजे जिल्हा परिषदेचे आरोग्य सभापती. खरं नाव सांगत नाही, सगळे अण्णाच म्हणायचे. वडाप, म्हणजे सीटमागं भाडं घेणारी जीप चालवणारा माणूस. आसपासच्या गावांत रात्री-अपरात्री कुणी बाई अडली, की जीप काढून थेट सोलापूरच्या दवाखान्यात. पैसे घ्यायचे नाहीत. त्या जीपनंच त्यांना आधी सरपंच केलं, मग जिल्हा परिषदेत पाठवलं.

आणि दोन दिवसांपूर्वी त्यांच्याच मतदारसंघातली शबाना नावाची बाई बाळंतपणात हायवेवर रिक्षातच दगावली. मूलही गेलं. तिच्या गावात सरकारी आरोग्य केंद्र होतं, पण डॉक्टर नव्हता. तो प्रतिनियुक्तीवर होता. म्हणजे नेमणूक एका गावाला आणि काम दुसऱ्या गावाला. दुसरं गाव अण्णांचं स्वतःचं होतं.

एसपी साहेबांचा फोन आला. "दंगल नियंत्रण पथक निघालंय. सभापतींना बाहेर काढा. गरज पडली तर लाठी वापरा."

अण्णा उठले, चपला घातल्या. मागच्या दाराकडं वळता वळता त्यांनी विचारलं, "पुढं कोण कोण हाय?"

"सगळ्यांत पुढं मौलाभाई शिंपी आहेत. शबानाचे वडील," मी म्हटलं.

अण्णा परत खुर्चीत बसले.  मग म्हणाले, "गेट उघडा."

"अण्णा, तुम्हाला काही झालं तर जबाबदारी माझी आहे."

"मग चला माझ्यासंगं."

खरं सांगते, जायची माझी इच्छा नव्हती, तरी निघाले. गर्दीचा एक नियम आम्ही शिकलेलो असतो. ती ज्याच्याकडं बघते, त्याच्याकडं आपण बघायचं. गेट उघडलं आणि सगळी गर्दी मौलाभाईंकडं बघायला लागली. त्यांनी हात उगारला असता, तर मग कुणीच थांबलं नसतं.

मौलाभाईंनी हात उचलला नाही. अगदी हळू आवाजात बोलले. "अण्णा, शबानाच्या जन्माच्या येळी माझ्या बीवीला तुमीच जीपमधी घालून नेलं व्हतं. तवा तुमी कुणीच नव्हता. आज सभापती हायसा. मंग माझी पोरगी रस्त्यावर कशी मेली? डॉक्टर कुठं व्हता?"

अशा वेळी पुढारी काय बोलतात ते मला पाठ आहे. 'चौकशी लावतो, दोषींवर कारवाई करतो.' मी त्याचीच वाट बघत होते.

"डॉक्टर माझ्या गावाला व्हता," अण्णा म्हणाले. "म्याच नेला. निवडणूक जवळ आलीया, गावातली लोकं मागं लागली व्हती. ऑर्डरवर सही आरोग्य खात्याच्या सायबाची हाय, पर सांगणारा मी."

  इतक्या वर्षांच्या नोकरीत, हातात सत्ता असलेल्या माणसाला भर रस्त्यावर 'मीच केलं' म्हणताना मी पाहिलं नव्हतं.

मागून कुणीतरी ओरडलं, "मग द्या राजीनामा!"

"देतो."

त्यांचा पीए पुढं धावला. "अण्णा, पक्षाला इचारा तरी!"

"पोरगी ह्यांची गेलीय. पक्षाची न्हाय."

गेटपाशी उभ्या माझ्याच गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून त्यांनी जिल्हा परिषदेच्या अध्यक्षांच्या नावानं चार ओळी लिहिल्या. मोठ्यानं वाचल्या आणि पीएला धाराशिवला पिटाळलं. मौलाभाईंकडं माफी मागितली नाही. मागायला तोंड नव्हतं, असं मला वाटतं. मौलाभाईंनीही माफ केलं नाही. फक्त बाजूला झाले आणि मागं वळून म्हणाले, "रस्ता द्या त्यास्नी."

आणि लोकांनी दिला. मघाशी गेट उपटायला निघालेली माणसं दोन्हीकडं सरकली. मधून अण्णा चालत गेले, एकटे. कुणी शिवी दिली नाही, कुणी जयजयकारही केला नाही. एका म्हातारीनं तोंडाला पदर लावला, एवढंच.

त्याच आठवड्यात डॉक्टर परत आला. अण्णा पुन्हा निवडणुकीला उभे राहिले नाहीत.

संध्याकाळी एसपी साहेबांनी फोन केला. "लाठीचार्ज करावा लागला?"

"नाही, सर."

"मग जमाव पांगला कशानं?"

"सभापतींनी खरं सांगितलं, सर."

 ते म्हणाले, "रिपोर्टमध्ये हे लिहू नका. पुढच्या वेळी लोक तेच मागतील."

मी लिहिलं, 'जमाव शांततेत पांगला.' ट्रेनिंगला येणाऱ्या पोरी आता मला विचारतात, मॅडम, जमाव आवरायचा सगळ्यांत चांगला उपाय कोणता? मी त्यांना ढाल कशी धरायची ते शिकवते. दुसरा उपाय आमच्या हातात नसतो.