लाल बटणाला बांधलेलं फडकं

टेबलावरच्या बोर्डाचं लाल बटण मी दाबलं आणि सगळे दिवे होते तसेच राहिले.

ते विझायला हवे होते. एक दिवा म्हणजे मशीनचा एक व्हॉल्व्ह, तेलाची झडप. लाल बटण दाबलं की आठही दिवे विझतात आणि मशीन जागच्या जागी थांबतं. मी पुन्हा दाबलं. मग अंगठा रोवून धरला. तिसरा दिवा शांतपणे जळत होता. तिसरा दिवा म्हणजे प्रेसचा दट्ट्या खाली येतोय.

हे बुलढाण्यात, माझ्या छोट्या वर्कशॉपात, सकाळी साडेदहाला. असाच दुसरा बोर्ड, अशीच चिप लावून, मी आदल्या दिवशी डोणगावच्या एका कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये बसवून आलो होतो. तो त्या घडीला चालू होता. आणि तिथे देविदास नावाचा माणूस दर दहा-बारा मिनिटांनी प्रेसच्या पेटीत कोपरापर्यंत हात घालत होता.

 

प्रेस म्हणजे काय ते सांगतो. सरकी काढलेली रुई लोखंडी पेटीत भरतात. वरून हायड्रॉलिकचा दट्ट्या येऊन ती दाबतो, मग पट्ट्या बांधून गाठ बाहेर काढतात. कोपऱ्यात रुई सारखी बसली नाही तर गाठ वाकडी होते. म्हणून दट्ट्या वर असताना देविदास हातानं ती सारखी करायचा. चुकून दट्ट्या निघाला आणि हात आत राहिला, तर शेजारच्यानं लाल बटण दाबायचं. त्या हातांना दुसरं संरक्षण नव्हतं. आणि बटणाची वायर सरळ मोटारीकडे न जाता आमच्या बोर्डातून जायची. करंट एकदम तोडला तर तेलाचा दाब पाइपांना धक्का देतो, म्हणून पुण्याच्या आमच्या साहेबांनी तसं डिझाइन केलं होतं. मी मान डोलावली होती.

बोर्डावर माझा कर्नल होता. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, कोणतं काम कधी करायचं ते ठरवणारा. साध्या प्रोग्रॅमला स्टँडर्ड लायब्ररी मिळते, म्हणजे नेहमी लागणारी तयार फंक्शनं. कर्नलच्या खाली कोणीच नसतं, त्यामुळे त्याला लागतील ती आपणच लिहायची. मी एकच लिहिलं होतं, मेमसेट. मेमरीचा एक तुकडा शून्य करणं एवढंच त्याचं काम. लाल बटण दाबलं की कर्नल मेमसेटला हाक मारणार, ते व्हॉल्व्हच्या तक्त्यात शून्य भरणार, सगळं बंद. दुसऱ्या कुठल्याही कामात त्याला हाक जात नव्हती.

आठवड्यापूर्वी प्रोग्रॅम चिपमध्ये मावेनासा झाला. साहेबांनी फ्लॉपीवर नवा कंपायलर पाठवला. आपण लिहिलेलं मशीनच्या भाषेत उतरवतो तो कंपायलर. "ऑप्टिमायझेशन चालू कर, आकार कमी होईल," साहेब म्हणाले. झाला. नव्या चिपवर मी प्रेसचं पूर्ण चक्र तपासलं. लाल बटण तपासलं नाही. जुन्या चिपवर ते अनेकदा तपासलं होतं आणि त्या भागाची एक ओळही बदलली नव्हती. साइटवर बघू, म्हटलं.

साइटवर सीझनचा मुहूर्त होता. पॅनेलला झेंडूचा हार, बटणांना हळदकुंकू. फोरमन पंजाबराव, पन्नाशीचा माणूस, नारळ घेऊन उभे.

"पंजाबभाऊ, आधी लाल बटन पाहून घेऊ," मी म्हणालो.

"आज नाही जी. पह्यल्या दिवशी मशीन थांबवली त सालभर थांबते. आपल्या इथं तसं करत नाहीत."

"दोन मिनिटाचं काम हाय."

"मले माहीत हाय सायेब. उद्या दाबू आम्ही. आज लक्ष्मीले काऊन अडवता?"

मी सोनाळ्याचा, याच जिल्ह्यातला. अशा गोष्टी मला घरच्या आहेत. पण खरं सांगायचं तर मी रीत पाळली नाही, रीत माझ्या पथ्यावर पडली. मला तीनची बस पकडायची होती.

ती राहिलेली तपासणी सकाळपर्यंत मनाला खात राहिली, म्हणून चहा पिता पिता टेबलावरचं बटण दाबलं. उद्या दाबू, असं पंजाबराव म्हणाले होते. तो उद्या उजाडला होता.

खाली एसटीडी बूथ होता. जिनिंगचा नंबर लावला. घंटी वाजत राहिली, उचललं कोणी नाही. तिथे सरकी काढणारे जिन सुरू झाले की कानाला लागूनही माणूस ऐकू येत नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मग साहेबांना लावला.

"साहेब, बटण दाबलं की बोर्ड अडकतोय. व्हॉल्व्ह उघडे राहतात."

"एकाच बोर्डावर पाहिलंस ना? आधी नीट खात्री कर. क्लायंटला घाबरवू नकोस. अपग्रेड आहे म्हणून सांग आणि चिप बदलून ये."

"तोवर प्रेस चालू राहील."

"तोवर बटण कोण दाबतंय?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं: ज्याचा हात अडकेल त्याच्या शेजारचा. मी फोन ठेवला. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी देविदासला पाहिलं नव्हतं.

चौथ्या वेळी जिनिंगच्या मुनीमजींनी उचलला. आणि बोलायला तोंड उघडलं तेव्हा मला खरी भीती कळली. मी "ताबडतोब मशीन बंद करा" म्हणालो असतो, तर मुनीमजी दारातून ओरडले असते, आणि घाईत मशीन बंद करायचं म्हणजे कोणीही लाल बटणच दाबणार. तेही दट्ट्या खाली येत असताना, आणि मग तो वर जाणारच नव्हता.

"मुनीमजी, आधी देविदासले प्रेसपासून दूर करा. मग भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढा. लाल बटनाले कोणी हात लावू नका."

"लाल बटन दाबू?"

"नाही. दाबू नका. काय करसान ते मले सांगा."

"देविदासले दूर करतो. मेन ओढतो."

"आन् लाल बटन?"

"हात नाही लावत. पण काऊन जी, झालं काय?"

"आधी जा, मुनीमजी."

रिसिव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. पुढे फक्त जिनची घरघर. मी कान लावून उभा होतो, ती थांबायची वाट बघत. घरघर चालू असतानाच लाइन तुटली. नंतर नंबर सतत एंगेज.

मी मेहकरची एसटी धरली. सोबत कंपायलरनं काढलेल्या मशीन कोडचा छापील गठ्ठा. हातांना काहीतरी काम हवं होतं म्हणून तो उघडला. चिखलीच्या पुढे मेमसेटचं पान सापडलं.

मेमसेटमध्ये मी एक साधं लूप लिहिलं होतं: एकेका जागी शून्य ठेव, पुढे जा. नव्या कंपायलरनं ते ओळखलं. इतक्या जागी शून्य भरायचं, हे तर मेमसेटचं काम, मग लूप कशाला? म्हणून त्यानं लूप काढून टाकलं आणि तिथे लिहिलं: मेमसेटला हाक मार. आकार कमी झाला, खरंच झाला. पण हे लूपच मेमसेट होतं. तलाठ्याकडे अर्ज द्यावा, त्यानं त्यावर 'तलाठ्याकडे पाठवा' असा शेरा मारून स्वतःच्याच टेबलावर ठेवावा, पुन्हा उचलून पुन्हा तोच शेरा मारावा, तसं. मेमसेट मेमसेटला बोलावत राहिलं, प्रत्येक हाकेची चिठ्ठी मेमरीत साठत गेली आणि मेमरी संपून बोर्ड जागीच गोठला. व्हॉल्व्ह मात्र शेवटच्या हुकमावर उघडेच. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे बैलाच्या जागी देविदासचे हात होते.

मेहकरला गाडी बदलून डोणगावला उतरलो तेव्हा दोन वाजून गेले होते. फाटकापासून कान दिले. सगळं शांत. ही शांतता मेन स्विचची की अपघाताची, हे मला कळेना. शेडपर्यंतची ती शंभर पावलं मी कशी चाललो ते सांगता येणार नाही.

देविदास एका गाठीवर बसून चहा पीत होता. बशी दोन्ही हातांनी धरली होती. मी आधी बोटं मोजली. दहा होती. मग मी तिथेच खाली बसलो.

"काय झालं सायेब? पाणी आणू?" तो म्हणाला.

मी मान हलवली आणि पॅनेलकडे पाहिलं. लाल बटणावर लाल फडकं घट्ट बांधलं होतं, वर लिंबू-मिरची.

"हे काय, पंजाबभाऊ?"

"सकाळी दाबून पाह्यलं आम्ही, काल म्हणलो होतो तसं. पेटी रिकामी होती. दट्ट्या खाली आला तो उचलेच ना, दिवे तसेच. मेन बंद-चालू केला तवा सुधरलं. म्हणलं हे बटन पनवती हाय. बांधून टाकलं. आता कोणाच्या बापाची दाबाची हिंमत नाही. मंग तुमचा फोन आला, मुनीमजीनं मेन ओढला, तवापासून बंदच हाय."

म्हणजे बिघाड माझ्या आधी यांना सापडला होता. नाव त्यांनी वेगळं दिलं, एवढंच. पण त्या फडक्याखाली, हात अडकला असता तर थांबवायला काहीच उरलं नव्हतं, आणि सकाळभर देविदास त्याच पेटीत हात घालत होता. हे मी त्यांना सांगितलं. देविदासनं बशी खाली ठेवली आणि हात मांडीखाली घेतले.

दोन दिवस प्रेस बंद राहिला. मेमसेट मी असेंब्लीत, म्हणजे थेट मशीनच्या शब्दांत, पुन्हा लिहिलं. बारा ओळी. तिथे कंपायलरला हात घालायला जागाच नाही. शिवाय लाल बटणाची वायर बोर्डातून काढून सरळ मोटारीचा करंट तोडणाऱ्या कॉन्टॅक्टरला जोडली. पाइपांना धक्का बसेल, असं साहेब म्हणाले. बसू दे, म्हटलं. पाइप बदलता येतात.

कंपायलर बदलला की प्रोग्रॅम नवा समजायचा, ओळ बदललेली असो वा नसो, आणि जे बटण कधीच दाबायची वेळ येऊ नये ते सगळ्यात आधी दाबायचं, हे मी तिथे शिकलो.

पुढच्या मुहूर्ताला मला बोलावणं होतं. हार, हळदकुंकू, सगळं तसंच. पंजाबरावांनी नारळ उचलला आणि ते थांबले. देविदास पुढे आला, त्यानं चालू प्रेसचं लाल बटण दाबलं. मशीन थांबलं. त्यानं रिकाम्या पेटीत कोपरापर्यंत हात घातला, क्षणभर तसाच ठेवला आणि बाहेर काढला.

"हाव," तो म्हणाला, "फोडा आता."