मोगऱ्याच्या टोपलीतलं औषध

देवावर रुसायला मला फार वेळ लागत नाही. त्या वैशाखात तर मी रिद्धपूरच्या देवाशी बोलणंच टाकलं होतं. भातकुलीजवळच्या आमच्या मळ्यात बायकोच्या बोटात संत्र्याचा काटा रुतला. तिने हळद दाबली आणि पुन्हा कामाला लागली. चौथ्या दिवशी हुडहुडी भरून ती बरळू लागली. अमरावतीच्या इस्पितळात डॉक्टरांनी तिचं रक्त मांसाच्या निवळ रश्श्याच्या बाटलीत घालून उबेला ठेवलं. दुसऱ्या दिवशी रस्सा गढूळला. जंतू रक्तात शिरले होते. महायुद्ध नुकतंच संपलं होतं आणि पेनिसिलिन नावाचं नवं औषध अकोल्याच्या एका डॉक्टरांकडे आलं होतं. ते गार राहिलं तरच गुण देणार होतं. वीस वर्षं देवाला मोगरा पोचवला त्याचं हेच फळ का, असं मनात भांडत मी अकोल्याला गेलो.

परतताना कुप्या बर्फात ठेवून पत्र्याच्या पेटीत कुलूप लावून कडेकोट बंद केल्या. आगगाडीत मूर्तिजापूर यायच्या आतच पेटीतून पाणी गळू लागलं. उघडून पाहिलं तर बर्फाचा खडाही उरला नव्हता आणि पत्रा तव्यासारखा तापला होता. मला रडू कोसळलं. चारचौघांत रडलो, लपवत नाही.

समोर एक म्हातारी माळीण बसली होती. तिच्या मांडीवर ओल्या फडक्यात बांधलेली मोगऱ्याची टोपली होती.

"काहून रडून राहिला रे बापू?"

मी सगळं सांगितलं. तिने कुप्यांसाठी हात पुढे केला, तसा मी मागे सरलो. टोपली रिद्धपूरच्या देवाला निघाली होती. आम्हा माळ्यांच्या घरात देवाची फुलं कोणी हुंगतसुद्धा नाही, तिथे परक्याचं औषध त्यात कसं घालायचं?

"फुलं कोमेजले तं देव चालवून घेईन," ती म्हणाली. "तुही बायको कोमेजली तं तुले चालन काय?"

तिने कुप्या फुलांत खोवल्या, टोपली खिडकीशी धरली आणि तांब्यातलं पाणी फडक्यावर शिंपडत राहिली. ओल्या फडक्याला वारा लागला की आतलं गार राहतं, हे मला कोणी शिकवायला हवं होतं का? जन्मभर फुलं अशीच जपली. पेटीला कुलूप घालताना माझं माळीपण कुठे गेलं होतं कोण जाणे.

बडनेऱ्याला तिने टोपली फुलांसकट माझ्या हाती दिली.

"अन् माय, देवाले काय देसान?"

"सांगीन, फुलं वाटेतच पोचले म्हणून."

डॉक्टरांनी कुपी गालाला लावून पाहिली आणि मान डोलावली. दर तीन तासांनी सुई सुरू झाली. तिसऱ्या दिवशी बायकोने डोळे उघडले आणि हवा हुंगत विचारलं, "इस्पितळात मोगरा कुठला जी?" मी हसलो, रडलोही. पुढे पुन्हा तिचं रक्त बाटलीत घातलं, तेव्हा रस्सा निवळच राहिला. माझा रुसवा तिथेच संपला.

पुढे रिद्धपूरला त्या माळिणीला पुष्कळ शोधलं. ती भेटली नाही. ती कोण होती, यावर मी वाद घालत नाही. मी कुलूप लावून जे वाचवू पाहत होतो, ते दुसऱ्याच्या ओंजळीत सोडल्यावर वाचलं, एवढं मला कळलं. देवाचे उपकार मी रोज आठवतो.

आता देवाची टोपली बायकोच भरते. फुलांच्या मधोमध मूठभर जागा रिकामी ठेवते. का, म्हणून पहिल्यांदा विचारलं तेव्हा म्हणाली, "वाटेत कोणाले लागन तं."