ताई, मी सांगतो

त्या घरात बोलण्याचं खातं ताईकडे होतं. आई गरजेपुरतं बोलायची, धाकटा त्याहूनही कमी, आणि उरलेलं सगळं ताई. तिची नोकरीही बोलण्याचीच. बस स्थानकावरच्या काचेच्या खोलीत बसून, कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागते आहे, कुठली उशिरा येते आहे, हे ती दिवसभर माइकवरून सांगायची. आवाज असा स्वच्छ, खणखणीत, की ती दुकानात काही मागायला तोंड उघडायची आणि शेजारचं गिऱ्हाईक वळून बघायचं. "तुम्हीच ना त्या स्थानकावरच्या?"

धाकट्याचं सगळं उलट. लहानपणापासून तो बोलताना अडखळायचा. सगळ्याच शब्दांना नाही. काही शब्द सुरळीत यायचे, काही मात्र घशाशी येऊन हटून बसायचे. 'क' आणि 'र' ही दोन अक्षरं तर जन्माची वैरी. शब्द अडला की त्याची मान ताठ व्हायची, डोळे मिटायचे, आणि समोरचा माणूस एक तर पायाकडे बघायचा, नाहीतर आपल्या अंदाजाने एखादा शब्द पुढे करायचा. यात ताईचा हात धरणारं कुणी नव्हतं. पोट दुखतंय हे डॉक्टरला ताई सांगायची, केस किती कापायचे हे न्हाव्याला ताई सांगायची. वडील लवकर गेले, आई दिवसभर कामावर. या पोराला जगाचा धक्का लागू नये म्हणून ती मध्ये उभी राहायची. पोरगा पुढे चांगला पदवीधर झाला तरी ती तिथेच उभी होती.

नोकरी त्याने आपल्याला झेपेल अशीच शोधली. एका चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत. पुढे दुकानदार काका गिऱ्हाइकांशी गप्पा मारत डोळे तपासायचे, मागे हा यंत्रावर काचांच्या कडा घासून त्या फ्रेममध्ये बसवायचा. यंत्राची घरघर, पाण्याची बारीक धार, बोटांवर पांढरी भुकटी. कुणाशी चकार शब्द बोलायची गरज नाही. पण काकांचं लक्ष होतं. रिकाम्या वेळात हा पोरगा कागदावर प्रकाशाच्या रेघा ओढत बसतो, हे त्यांनी हेरलं होतं.

"दुसऱ्यांनी बनवलेल्या काचा किती दिवस घासणार आहेस?" एक दिवस ते दारात उभे राहून म्हणाले. "त्या बनवतात कशा, त्यांचं गणित मांडतात कसं, ते शीक. परदेशात त्याचं वेगळं शिक्षण असतं. अर्ज कर."

त्याने अर्ज केला. लिहिताना तो कधीच अडखळायचा नाही. सगळं कागदावर होतं तोवर ठीक चाललं होतं, आणि एका सकाळी चक्क प्रवेश मिळाल्याचं आणि शिष्यवृत्तीचंही कळलं. आईने त्याला जवळ घेतलं, तोंडावरून हात फिरवला, आणि हात तसाच थांबला.

"अरे, पण तिकडे तुझ्यासाठी बोलेल कोण?"

ताई म्हणाली, "वकिलातीत व्हिसासाठी मुलाखत असते म्हणे. मी येते बरोबर."

"आत एकट्यालाच सोडतात," धाकटा म्हणाला.

व्हिसाचा पत्ता नव्हता, पण आईला बॅगेची घाई. एका रविवारी ताई त्याला घेऊन दुकानात गेली. विक्रेत्याने विचारलं, "केवढी दाखवू?" ताई म्हणाली, "मोठी." त्याने विचारलं, "चाकं दोन की चार?" ताई म्हणाली, "चार." मग त्याने दोन बॅगा पुढे ओढल्या, एक निळी, एक राखाडी, आणि या वेळी मुद्दाम धाकट्याकडे बघून विचारलं, "प्रवास तुमचा आहे ना? तुम्ही सांगा, कुठली?"

धाकट्याने राखाडीकडे पाहिलं. ओठ हलले. मग पटकन म्हणाला, "निळी."

बॅग घरी आली. ताईने ती पुसून कोपऱ्यात ठेवली आणि सहज म्हणाली, "तुला निळा रंग कधीपासून आवडायला लागला?"

"नाही आवडत."

"मग?"

"रा... राखाडी म्हणता आलं नसतं."

ताई आधी हसली. मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिचं हसू मावळलं. "असं नेहमी करतोस तू?"

त्या दुपारी पहिल्यांदा तो सलग बोलत राहिला. थांबत, अडत, पण बोलत राहिला. बाहेर कुठे गेलं की त्याला कॉफी हवी असते, पण तो चहा मागतो. सगळे दुकानदाराला काका म्हणतात, हा एकटाच त्यांना मालक म्हणतो. बसमध्ये आपल्या थांब्याचं नाव कंडक्टरसमोर निघत नाही, म्हणून पुढच्या थांब्याचं तिकीट काढतो, तिथे उतरतो आणि उलटा चालत घरी येतो. कित्येक वर्षं.

ताई ज्या थांब्याचं नाव दिवसातून दहादा माइकवर सहज उच्चारायची, तेच ते नाव. ती खाली बसली. "आणि मला वाटायचं, तुला चालायला आवडतं."

बराच वेळ ती पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत राहिली. मग म्हणाली, "मी सारखी मध्ये बोलते, त्याचा राग येतो तुला?"

त्याने मान हलवली. "राग नाही. तू होतीस म्हणून शाळा सोडली नाही मी. पण ताई, आता मी सांगतो. कितीही वेळ लागला तरी."

"बरं," ती म्हणाली. "आजपासून तू जायच्या दिवसापर्यंत तुझं एकही वाक्य मी पुरं करणार नाही. कानाला खडा."

दुसऱ्या दिवशी तो बॅग बदलायला गेला. ताई बाहेर फुटपाथवर उभी राहिली. काचेतून सगळं दिसत होतं. धाकट्याची मान ताठ झाली, डोळे मिटले. मागे आणखी दोघं येऊन उभे राहिले. ताईने दाराच्या मुठीला हात घातला, काढला, पुन्हा घातला. विक्रेता मात्र दोन्ही हात टेबलावर ठेवून निवांत उभा होता. एकदाचा शब्द निघाला असावा, कारण विक्रेता मान डोलावून आत गेला आणि राखाडी बॅग घेऊन आला. धाकटा बाहेर आला तेव्हा घामाने निथळत होता.

"बोललो," तो म्हणाला.

"पाहिलं मी," ताई म्हणाली. तिने बॅगेची मूठ आपल्या हातात घेतली.

पण जन्माची सवय अशी सुटत नाही. जेवताना तो अडला की तिच्या तोंडून शब्द निसटायचाच, आणि मग ती जीभ चावायची. आई म्हणायची, "तुझी जीभ तुटून पडेल एक दिवस." जीभ काही तुटली नाही, पण मुलाखत तोंडावर आली असताना ताईचा आवाज बसला. आधी घोगरा झाला, मग फाटला, आणि एका सकाळी गाडीची घोषणा करताना अर्ध्यातच नाहीसा झाला.

घशाच्या डॉक्टरीण बाईंकडे धाकटा तिला घेऊन गेला. "काय होतंय?" त्यांनी ताईला विचारलं. ताईने तोंड उघडलं, नुसती हवा बाहेर आली. तिने भावाकडे पाहिलं.

"मी सांगतो," तो म्हणाला.

आणि त्याने सांगितलं. कधीपासून दुखतंय, ती काम काय करते, दिवसभर किती बोलावं लागतं. 'काम' शब्दावर तो असा अडला, की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येऊ लागली. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि वाट पाहिली. ताईला वाट पाहण्यावाचून गत्यंतरच नव्हतं. तो अडला होता आणि ती शेजारी नुसती बसली होती, असं आजवर कधी झालं नव्हतं. शब्द आला, पाठोपाठ पुढचे आले, आणि तिच्या ध्यानात आलं, की तिच्या दुखण्याबद्दल ती स्वतः जेवढं सांगू शकली असती, त्याहून बारकाईने हा सांगतो आहे. रात्री खोकल्याने ती उठून बसते, हे कुणालाच ठाऊक नाही असं तिला वाटत होतं. तिचे डोळे भरून आले.

"पूर्ण मौन," बाई म्हणाल्या. "कुजबुजसुद्धा नाही."

घरी आई कपाळावर हात मारून म्हणाली, "आता या घरात बोलायचं कुणी? मी?"

बोलला धाकटा. रजा मागायला स्थानकप्रमुखांकडे तोच गेला. ताईच्या जागी एका कंडक्टरला बसवलं, आणि त्याने प्रवाशांची अशी काही पळापळ करवली, की स्थानकप्रमुख रोज फोन करून विचारायचे, "बाईंचा आवाज आला का हो?" ते फोनही धाकटाच घ्यायचा. दूधवाला, शेजारी, आत्या, सगळ्यांना तोच उत्तर द्यायचा. कुणी फोन मध्येच ठेवून द्यायचं, कुणी लाइन बिघडलीय समजायचं. तो पुन्हा फोन लावायचा. ताई समोर बसून बघायची. तो अडला की तिचाही श्वास अडायचा, आणि सुटला की ती टाळ्या वाजवायची. तेवढी मात्र परवानगी होती.

मुलाखतीच्या दिवशी खिडकीपलीकडे एक प्रौढ अधिकारी बाई होत्या. त्यांनी काही विचारायच्या आत धाकटा त्यांच्या भाषेत म्हणाला, "मी बोलताना अडखळतो. थोडा वेळ लागेल, पण उत्तर पुरं करेन."

"वेळ घ्या," त्या म्हणाल्या. मग हेच शिक्षण का, असं त्यांनी विचारलं. त्याने दुकानात आलेल्या एका म्हाताऱ्या शिंप्याची गोष्ट सांगितली. नवा चष्मा लावल्यावर त्या शिंप्याने खिशातून सुई काढून तिथल्या तिथे दोरा ओवून पाहिला होता, आणि मागच्या खोलीच्या दारातून हे बघताना धाकट्याला वाटलं होतं, की अशी काच आपल्याला बनवता आली पाहिजे. काचेला त्यांच्या भाषेतही अवघडच शब्द होता. शेजारी सोपा शब्द हाताशी होता, तो त्याने घेतला नाही. खिडकीपलीकडच्या बाई हनुवटीला हात लावून थांबल्या, आणि शब्द आल्यावर हसल्या.

व्हिसा आला तेव्हा काकांनी दुकान अर्धा तास बंद ठेवलं. धाकट्याने यंत्र पुसून झाकलं, बाहेर आला, आणि बराच वेळ झगडून म्हणाला, "काका, तुमच्यामुळे जातोय."

काकांनी चष्मा काढून उगाच पुसला. "इतकी वर्षं मालक, मालक करायचास. मला वाटायचं, पोरगा कामाला चोख, पण भलता शिष्ट. जा आता. आणि तिकडे दुकानदार भेटला, तर त्याला पहिल्या दिवसापासून काका म्हण."

निघायच्या दिवशी विमानतळाच्या दारापाशी तिघं उभी होती. ताईचा आवाज परत आला होता, थोडा जाडसर, पण आला होता. तरी ती गप्प होती. धाकट्याने आईला वाकून नमस्कार केला आणि बोलायला सुरुवात केली. आई पहाटे उठून डबा करायची ते त्याने सांगितलं. ताईने आपल्यासाठी वर्गातल्या कुणाकुणाशी भांडणं केली, तेही सांगितलं. तिच्या दुखण्यात आपल्याला बोलायची संधी मिळाली याचा आनंद वाटला आणि लाजही वाटली, हे सांगितलं. त्यात तो कितीदा तरी अडला. लोक बॅगा ढकलत वळसा घालून जात होते. ताई एकदाही मध्ये बोलली नाही. नुसती त्याचा हात धरून उभी होती आणि रडत होती.

आईही रडत होती, पण तिचा एक डोळा आतल्या घड्याळावर होता. शेवटी न राहवून ती म्हणाली, "अरे, पुरे कर आता. किती बोलतोस! विमान जाईल ना!"

तिघंही एकमेकांकडे बघत राहिली. धाकट्याला कुणी 'पुरे' म्हणण्याची ही पहिलीच वेळ होती. मग ताईला असं हसू फुटलं, की दारावरचा शिपाईसुद्धा हसायला लागला, आणि त्याच हशात तो आत गेला.