पडवीतलं ताट

मी चौथीच शिकले, लिहिण्यात चुका होतील, अक्षरही वाईट आहे. आज परतूरच्या दवाखान्यात सुई टोचताना स्पिरिटचा वास आला आणि धाकटा भाऊ आठवला. नवरा एड्सनं गेला, माझ्याही रक्तात तो रोग निघाला, तेव्हापासून माहेरी माझं ताट पडवीत वेगळं असायचं. भाऊबीजेला भाऊ पुण्याहून आला. पोळ्या भाजणाऱ्या आईसमोर तो म्हणाला, "आक्का, ह्या रोगाच्या नव्या लसीची चाचणी चालू हाय. मी बी टोचून घेतली." मी विचारलं, "मला चालंल का?" "न्हाई गं, ज्याला रोग न्हाई त्यालाच. तिच्यात विषाणू न्हाई, त्याचा नुसता नकाशा हाय. त्यावरून अंग लढायला शिकतं. पर रक्त तपासलं तर कधी कधी रोग असल्यावानी दिसतं." आईनं उलथणं खाली ठेवलं. "तुझ्याबी रक्तात दिसंल?" "दिसंल, पर रोग न्हाई माय." आईनं त्याचं ताट उचलून पडवीत माझ्याजवळ आणून ठेवलं. "बरं झालं, इथं वारं लागतं," म्हणत तो बसला आणि माझ्या ताटातली पोळी मोडून खाऊ लागला. सकाळी तो परत गेला. आता आई नाही, घरात मी एकटीच, तरी जेवायला पडवीतच बसते.